हार्लेमचे तीन आकडे

बिल ड्यूक दिग्दर्शित ‘हूडलम’ हा चित्रपट १९९७ साली आला, तेव्हा सिसिली टायसन ही थोर अभिनेत्री सत्तरीच्या पुढे गेलेली होती. त्यात तिनं स्टेफनी सेंट क्लेअरची भूमिका केली. स्टेफनी म्हणजे हार्लेमची ‘क्वीनी’, न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीतल्या आकड्याच्या धंद्याची राणी. पडद्यावर ती भारदस्त, मायाळू, थोडी थकलेली दिसते. तुरुंगात जायची वेळ येते तेव्हा सगळा कारभार ती तरण्याबांड बम्पी जॉन्सनच्या हाती सोपवते. पुढची लढाई मग बम्पीची, म्हणजे लॉरेन्स फिशबर्नची होते. चित्रपटाचा काळ १९३४-३५चा. त्या वेळी खऱ्या स्टेफनी सेंट क्लेअरनं चाळिशीही गाठलेली नव्हती. ती कुणाची आजी शोभावी अशी नव्हतीच. ऐन उमेदीतली, फटकळ, लाचखाऊ पोलिसांपासून बड्या टोळीवाल्यांपर्यंत कुणालाही तोंडावर सुनावणारी ती एक धंदेवाली बाई होती.

चित्रपटात इतिहास थोडाफार वाकतोच, त्याबद्दल फार तक्रार करण्यात अर्थ नाही. पण ‘हूडलम’ जिथे जिथे वाकला आहे, तिथे एक मोठी गोष्ट झाकली गेली आहे. महामंदीच्या काळात हार्लेममध्ये जे घडलं ती दोन टोळ्यांमधली गोळीबाराची चकमक एवढंच नव्हतं. एका गरीब वस्तीनं स्वतःच्या सेंट-सेंटच्या पैशांतून उभी केलेली एक अख्खी आर्थिक व्यवस्था चार-पाच वर्षांत तिच्या हातून काढून घेतली गेली. ती कशी उभी राहिली आणि कशी गेली, हे बंदुकांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी अधिक सांगण्यासारखं आहे.

त्या धंद्याचं नावच होतं ‘नंबर्स’. ०००पासून ९९९पर्यंतचा कुठलाही तीन अंकी आकडा निवडायचा आणि त्यावर पैसे लावायचे. एक सेंटसुद्धा चालायचा. आकडा लागला तर एकास सहाशे, म्हणजे एका सेंटला सहा डॉलर. त्यातले दहा टक्के चिठ्ठी घेऊन जाणाऱ्याचे. शक्यता हजारात एक असल्यामुळे हिशेब सरळ होता. जमलेल्या प्रत्येक शंभर डॉलरांतले सरासरी साठ डॉलर बक्षिसात परत जायचे. उरलेल्या चाळिसांतून चिठ्ठ्या गोळा करणाऱ्यांची दलाली, पोलिसांचे हप्ते, वकिलांची बिलं भागायची आणि मग मालकाचा नफा.

पण हा आकडा ठरवायचा कुणी? सगळी खुबी इथे होती. लोकांनी विश्वास ठेवायचा तर तो आकडा मालकाच्या हातात असून चालणार नव्हतं. जुन्या ‘पॉलिसी’ नावाच्या खेळात फिरत्या पिंपातून आकडे काढले जात आणि त्यात हातचलाखीला भरपूर वाव असे. १९२०च्या सुमारास हार्लेममध्ये नवा मार्ग निघाला. न्यूयॉर्क क्लिअरिंग हाउस म्हणजे शहरातल्या बँकांनी परस्परांचे धनादेश वटवायची जागा. तिथे रोज सकाळी दहाच्या सुमारास आदल्या दिवसाच्या उलाढालीच्या रकमा जाहीर होत आणि वर्तमानपत्रांतही छापून येत. समजा, एकूण उलाढाल ५८९ दशलक्ष डॉलर आणि शिल्लक ११६ दशलक्ष डॉलर आहे. पहिल्या रकमेतला दुसरा आणि तिसरा अंक घ्यायचा, दुसऱ्या रकमेतला तिसरा घ्यायचा, की झाला त्या दिवसाचा आकडा : ८९६. वॉल स्ट्रीटच्या बँकांनी अजाणता काढून दिलेला हा आकडा फिरवण्याची ताकद हार्लेममधल्या कुणातच नव्हती. वर्तमानपत्र विकत घेणारी मोलकरीणसुद्धा तो स्वतः ताडून पाहू शकत होती.

ही कल्पना कॅस्पर होल्स्टिन या माणसाच्या डोक्यातून निघाली, असं मानलं जातं. त्याचा जन्म १८७६चा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉई बेटावरचा. ते बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. पोरवयात न्यूयॉर्कला आला, नौदलात राहिला, नंतर फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या एका इमारतीत पोऱ्याचं आणि झाडलोटीचं काम केलं. अशी कामं करणाऱ्या माणसाला रोजची वर्तमानपत्रं आयती मिळतात आणि ती वाचायला वेळही असतो. काही वर्षांत हा माणूस हार्लेममधला सर्वांत श्रीमंत आसामी झाला. त्यानं पैसा कुठे घातला ते पाहण्यासारखं आहे. ‘ऑपॉर्च्युनिटी’ या काळ्यांच्या मासिकानं नव्या लेखकांसाठी स्पर्धा सुरू केल्या, त्यांच्या बक्षिसांना होल्स्टिननं पैसे दिले. हार्लेम रेनेसान्स म्हणून आज विद्यापीठांत शिकवल्या जाणाऱ्या वाङ्मयीन चळवळीच्या हिशेबवहीत आकड्याच्या धंद्याचे पैसे असे स्वच्छ दिसतात. काळ्यांचा पुढारी मार्कस गार्वी याच्या संघटनेला त्यानं मदत केली. १९२८च्या चक्रीवादळानं व्हर्जिन बेटांची वाताहत केली तेव्हा तिथे मदत पाठवण्यात तो पुढे होता.

मराठी वाचकाला या ठिकाणी मुंबईचा मटका आठवणं अगदी साहजिक आहे, आणि हे साम्य नुसतं वरवरचं नाही. मुंबईतला आकड्याचा जुगार सुरू झाला तो न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधून तारेनं येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द आजही धंद्यात तिथूनच टिकून आहेत. १९६०च्या दशकाच्या आरंभी ते भाव मिळणं बंद झालं, तेव्हा कल्याणजी भगत यांनी १९६२मध्ये वरळीत आणि त्यांच्यानंतर रतन खत्री यांनी चिठ्ठ्या आणि पत्ते काढून आकडा ठरवायला सुरुवात केली. गिरणगावातला बदली कामगार आणि हार्लेममधला हमाल या दोघांनीही आपल्या नशिबाची दोरी न्यूयॉर्कच्याच एखाद्या पैशाच्या बाजाराला बांधली होती. मधे काही दशकं आणि दोन समुद्र एवढाच फरक.

हार्लेममध्ये सकाळ उजाडायची तीच चिठ्ठ्या गोळा करणाऱ्यांच्या पावलांनी. यांना ‘रनर’ म्हणत. न्हाव्याचं दुकान, केस कुरळे-सरळ करून देणारी पार्लरं, तंबाखूची गादी, पाच मजली इमारतींचे जिने अशी त्यांची वाट ठरलेली असे. चिठ्ठीवर तीन अंक, लावलेली रक्कम आणि नावाची आद्याक्षरं एवढंच असायचं. दहाच्या आत सगळ्या चिठ्ठ्या ‘कंट्रोलर’कडे आणि तिथून ‘बँके’त पोचल्या पाहिजेत, नाही तर निकाल फुटल्यावर लावलेला आकडा घुसडला जाण्याची भीती. ‘बँक’ म्हणजे कुठल्यातरी फ्लॅटमधली खोली. तिथे बायका-पुरुष बेरजेच्या यंत्रांवर बसून पैसे मोजत. मालकाला म्हणत ‘बँकर’. या शब्दात थट्टा नव्हती. हार्लेममधल्या काळ्या माणसाला दुकान टाकायला, मयताचा खर्च भागवायला किंवा घराचा हप्ता भरायला गोऱ्यांची बँक सहसा दारात उभं करत नसे. अशा वेळी तो आकड्याच्या बँकरकडेच जाई.

कुठला आकडा लावायचा याचं एक लोकशास्त्रच तयार झालं होतं. स्वप्नात मासा दिसला तर अमुक, मेलेला बाप बोलला तर तमुक, अशी यादी देणारी ‘ड्रीम बुक’ नावाची पातळ पुस्तकं धडाक्यानं खपत. रविवारी चर्चच्या फळ्यावर स्तोत्राचा जो क्रमांक लागे, तो सोमवारी शेकडो चिठ्ठ्यांवर चढे आणि पाद्री मंडळी त्यावर चिडत. कुणी घराचा क्रमांक लावी, कुणी अपघात झालेल्या मोटारीचा. यामुळे लोकांना मजा येई, पण बँकरला घोर लागे. कारण हजार आकड्यांवर पैसे सारखे विभागले गेले तरच त्याचं गणित जमतं. एकाच आकड्यावर सगळी वस्ती तुटून पडली आणि तोच लागला तर बँक बुडालीच. म्हणून काही लाडक्या आकड्यांवर सहाशेऐवजी कमी दर दिला जाई.

१९३० साली न्यूयॉर्क शहरात सव्वातीन लाखांहून अधिक काळे लोक राहत होते आणि त्यांतले कितीतरी हार्लेममध्ये दाटीवाटीनं. १९२९च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला, पण हार्लेमची मंदी त्याआधीच सुरू झाली होती. सगळ्यांत आधी कामावरून निघणारा आणि सगळ्यांत शेवटी परत घेतला जाणारा माणूस काळाच असे. १२५व्या रस्त्यावरची मोठी दुकानं चालत काळ्या गिऱ्हाइकांच्या जिवावर आणि काउंटरमागे मात्र गोरेच. १९३४मध्ये ब्लमस्टाइन या दुकानावर निदर्शनं होऊन काळ्या मुलींना विक्रेत्या म्हणून घ्यायला लावावं लागलं. अशा वस्तीत आकड्याचा धंदा हा सगळ्यांत मोठा मालक होता. रनर, कंट्रोलर, कारकून, चिठ्ठ्या जमवून देणारी विधवा, ड्रीम बुक विकणारा दुकानदार, सगळ्यांच्या घरात त्यातून चार पैसे येत. जुगार तो जुगारच. आठवड्याच्या पगारातले पैसे त्यात घालून घरच्यांना उपाशी ठेवणारे लोकही होतेच आणि हार्लेमची वर्तमानपत्रं, पाद्री, समाजसेवक यांनी त्याविरुद्ध सतत लिहिलं. पण तिथला पैसा निदान तिथेच फिरत होता.

या धंद्यात स्त्री मालक बनणं सोपं नव्हतं. स्टेफनी सेंट क्लेअर ग्वादलूप या फ्रेंच वसाहतीतून आलेली. १९२३च्या सुमारास दहा हजार डॉलर भांडवल घालून तिनं बँक सुरू केली, असं सांगतात. पुढे ती शुगर हिल भागातल्या ४०९, एजकोम ॲव्हेन्यू या उंच इमारतीत राहायला गेली. या एका पत्त्यावर वेगवेगळ्या काळात डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस, वॉल्टर व्हाइट आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले थर्गुड मार्शल राहिले. हार्लेमच्या दृष्टीनं ‘मादाम’ सेंट क्लेअर त्याच पंगतीत बसणारी होती.

१९२९मध्ये तिनं जे केलं, ते चित्रपटात घालायला हवं होतं. ‘न्यूयॉर्क ॲमस्टरडॅम न्यूज’ या हार्लेमच्या वर्तमानपत्रात पदरचे पैसे भरून, स्वतःचा फोटो देऊन ती जाहिराती छापू लागली. त्यांत विक्रीला काहीच नव्हतं. हप्ते खाऊनही धाडी घालणाऱ्या पोलिसांवर ती थेट आरोप करत होती. शिवाय वाचकांना कायदा समजावून सांगत होती : वॉरंट नसेल तर पोलिसाला घरात घेऊ नका, झडती घेऊ देऊ नका. स्वतः बेकायदा धंदा करणारी एक काळी, परदेशी जन्माची स्त्री पोलीस खात्याला चव्हाट्यावर आणते, असं दृश्य त्या काळी न्यूयॉर्कनं पाहिलेलं नव्हतं. ३० डिसेंबर १९२९ला तिला अटक झाली. चिठ्ठ्या बाळगल्याच्या आरोपावरून तिला आठ महिन्यांची कैद झाली. आपल्याला मुद्दाम गोवलं, असं तिचं म्हणणं होतं.

सुटून आल्यावर गप्प बसेल ती सेंट क्लेअर कसली! सॅम्युएल सीबरी यांची समिती तेव्हा शहरातल्या कनिष्ठ न्यायालयांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करत होती. १९३०च्या डिसेंबरात तिथे उभं राहून तिनं शपथेवर सांगितलं, की आपण पोलिसांना सहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम दिली आणि तरीही आपली माणसं पकडली गेली. पोलीस खात्यावर तिच्या साक्षीचे शिंतोडे उडाले.

सीबरी चौकशीची दुसरी बाजू मात्र हार्लेमला फार महाग पडली. समितीनं बँकरांची बँकखाती तपासली. विल्फ्रेड ब्रंडर नावाच्या एकट्या बँकरच्या खात्यांत १९२५ ते १९३० या काळात साडेसतरा लाख डॉलरांच्या आसपास रक्कम भरली गेल्याचं उघड झालं. आकडे वर्तमानपत्रांत छापले गेले. तोवर गोऱ्या टोळ्यांना हार्लेममधला सेंट-सेंटचा जुगार म्हणजे भिकाऱ्यांचा खेळ वाटत होता. त्यात खरा पैसा आहे याची पहिली चाहूल तशी १९२८मध्येच लागली होती. तेव्हा कॅस्पर होल्स्टिनला गोऱ्या गुंडांनी पळवून नेलं, पन्नास हजार डॉलर खंडणी मागितली आणि तीन दिवसांनी सोडलं. शहरभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी ठळक छापली, आणि झाडलोट करणाऱ्या एका काळ्या माणसाकडे एवढा पैसा आला कुठून, हा प्रश्न नको त्या लोकांच्या डोक्यात शिरला. सीबरी समितीनं त्या प्रश्नाला आकडेवारीनिशी उत्तर दिलं. वर आयकर खातं मागे लागलं. काही बँकर परागंदा झाले, काही तुरुंगात गेले. क्लिअरिंग हाउसनंही १९३१ उजाडेपर्यंत पूर्ण रकमा जाहीर करणं थांबवलं, म्हणून आकडा आता घोड्यांच्या शर्यतींच्या टोटलवरून काढावा लागू लागला. त्याचे परिणाम पुढे दिसले.

मग आला १९३१चा नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी ५२७ हा आकडा लागला. सणाच्या तोंडावर लोकांनी हा लाडका आकडा भरभरून लावला होता. हार्लेमनं त्या दिवसाला ‘ब्लॅक वेन्सडे’ म्हटलं, पण काळा तो फक्त बँकरांसाठी होता. घरोघरी टर्की शिजली आणि मालकांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या. पैसे चुकवले तर दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी लावायला कुणी येणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. रोख पैसा हवा होता आणि तो एका माणसाकडे होता.

आर्थर फ्लेगेनहायमर ऊर्फ डच शुल्ट्झ हा ब्राँक्समधला चोरट्या बिअरचा सम्राट. दारूबंदी उठणार हे त्याला दिसत होतं आणि ५ डिसेंबर १९३३ला ती उठलीच. बिअरचा पैसा आटण्याआधी नवी विहीर हवी होती. अडलेल्या बँकरांना त्यानं कर्ज दिलं. कर्जाच्या बदल्यात भागी, भागीनंतर मालकी, आणि काल ज्याची बँक होती तो आज शुल्ट्झचा पगारी नोकर. जे ऐकत नसत त्यांना बंदूक दाखवली जाई. पण बंदुकीहूनही मोठं हत्यार त्याच्याकडे होतं. टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेतला बडा पुढारी जिमी हाइन्स त्याच्या खिशात होता. शुल्ट्झच्या छत्राखालचा रनर पकडला गेला तर न्यायदंडाधिकारी त्याला सोडून देई. छत्राबाहेरचा पकडला गेला तर आत जाई. काळ्या बँकरांनीही हप्ते भरलेच होते, पण एवढ्या वरपर्यंत हात पोचवण्याची सोय त्यांच्या कातडीच्या रंगाला नव्हती. स्पर्धा तिथेच संपली.

शुल्ट्झच्या पदरी ऑटो बर्मन नावाचा एक गणिती होता. त्याला ‘ॲबाडाबा’ म्हणत. आकडा आता शर्यतींवर लागलेल्या पैशांच्या बेरजेतून निघत होता. बेरीज बदलायची तर शेवटच्या शर्यतीआधी नेमकी रक्कम नेमक्या घोड्यावर लावली की पुरे. कुठल्या आकड्यांवर हार्लेमनं जास्त पैसे लावले आहेत, हे फोनवरून कळलं की बर्मन मैदानावर उभ्या उभ्या मनात हिशेब करी आणि शेवटचा अंक अशा रीतीनं वळवी की तो जड आकडा हुकावा. यासाठी त्याला आठवड्याला दहा हजार डॉलर मिळत, असं शुल्ट्झचा वकील डिक्सी डेव्हिस यानं पुढे सांगितलं. होल्स्टिनच्या पद्धतीतला प्राण म्हणजे तिची सचोटी. ती बर्मननं मोडली. जुगारातही प्रामाणिकपणा असतो आणि हार्लेमच्या माणसाला इतकी वर्षं तो मिळत होता. आता गोळा झालेला पैसा हार्लेमबाहेर जात होता, आणि वर आकडाही फिरवलेला.

सेंट क्लेअर झुकली नाही. ती महापौरांकडे, वर्तमानपत्रांकडे जात राहिली. शुल्ट्झच्या चिठ्ठ्या घेणाऱ्या दुकानांत शिरून तिनं काचेची कपाटं फोडली, असंही सांगतात. या लढाईत बम्पी जॉन्सन तिच्या बाजूचा लढवय्या होता. एल्सवर्थ जॉन्सन त्याचं नाव, दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा जन्म, डोक्याच्या मागे टेंगूळ म्हणून ‘बम्पी’. त्याच्या पराक्रमाच्या कथा हार्लेमच्या तोंडी इतक्या फुगल्या, की दंतकथा आणि माणूस एकमेकांत मिसळून गेले.

चित्रपटात नसलेली आणखी एक लढाई झाली, तिच्यात एकही गोळी सुटली नाही. १९३५च्या सुरुवातीला डेव्हिसनं रनर आणि कंट्रोलर यांची दलाली कापायचं ठरवलं. त्यावर त्यांनी चक्क संप केला. सभा घेतल्या, चिठ्ठ्या गोळा करायचं थांबवलं. धंद्याचा गल्ला एका झटक्यात आटला आणि शुल्ट्झच्या माणसांना माघार घ्यावी लागली. गोळ्यांनी जे झालं नाही ते बेकायदा धंद्यातल्या सामान्य कामगारांनी एकीनं करून दाखवलं. याच वर्षी १९ मार्चला १२५व्या रस्त्यावरच्या क्रेस दुकानात एका सोळा वर्षांच्या पोर्तो रिकन मुलाला चाकू चोरल्यावरून धरलं, मुलाला मारून टाकल्याची अफवा पसरली आणि हार्लेम पेटलं. महापौर ला गार्डिया यांनी नेमलेल्या समितीनं बेकारी, वाढीव घरभाडी आणि पोलिसांची अरेरावी या कारणांकडे बोट दाखवलं. हार्लेमच्या खिशातून पैसा कसा उपसला जात होता, हे समजल्याशिवाय ती रात्र नीट समजत नाही.

२३ ऑक्टोबर १९३५च्या रात्री न्यूअर्कमधल्या पॅलेस चॉप हाउस या खाणावळीत शुल्ट्झ आणि त्याच्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. बर्मनही त्यात गेला. शुल्ट्झ दुसऱ्या दिवशी मेला. सेंट क्लेअरनं त्याच्या मरणशय्येवर तार पाठवली : पेरलंस तेच उगवलं, अशा अर्थाची. ‘हूडलम’मध्ये या हत्येमागे बम्पी आणि टोळीप्रमुख लकी लुचियानो यांचा संगनमताचा डाव दाखवला आहे. प्रत्यक्षात शुल्ट्झला विशेष सरकारी वकील थॉमस ड्यूई यांचा खून करायचा होता. त्या खुनानं सगळ्यांवरच आफत ओढवेल म्हणून गोऱ्या टोळीप्रमुखांनीच त्याचा काटा काढला. हार्लेमचा त्या निर्णयात काहीच शब्द नव्हता, आणि हेच तर खरं दुखणं आहे.

चित्रपटाची सर्वांत अक्षम्य चूक याच ड्यूईंबाबत आहे. पडद्यावर ते लाच खाताना दिसतात. प्रत्यक्षात ड्यूई यांनी १९३६मध्ये लुचियानोला तीस ते पन्नास वर्षांची शिक्षा लावून घेतली आणि १९३९मध्ये हाइन्सला दोषी ठरवून घेतलं; पुढे तो सिंग सिंगच्या तुरुंगात गेला. लाच खाणारा गोरा पुढारी दाखवायचाच होता तर जिमी हाइन्स हातचा होता, पुराव्यानिशी आणि साक्षीदारांसकट. या साक्षीदारांत हार्लेमचा बँकर अलेक्स पॉम्पेझ होता. ५२७नं तोही बुडाला होता आणि शुल्ट्झचा मिंधा झाला होता. ड्यूईंच्या धाडींच्या वेळी तो मेक्सिकोला पळाला, पकडून आणला गेला आणि कोर्टात बोलला. त्याचं दुसरं जग बेसबॉलचं. ‘न्यूयॉर्क क्यूबन्स’ हा निग्रो लीगमधला संघ त्याचा. २००६मध्ये त्याचं नाव बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं.

बेसबॉलचा हा धागा फक्त हार्लेमपुरता नाही. पिट्सबर्गमध्ये गस ग्रीनली यानं आकड्याच्या पैशातून ‘पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स’ हा संघ पोसला. सॅचेल पेज, जॉश गिब्सन, कूल पापा बेल असे खेळाडू त्यात खेळले. १९३२मध्ये, मंदीच्या ऐन कडाक्यात त्यानं सुमारे एक लाख डॉलर खर्चून ग्रीनली फील्ड हे मैदान बांधलं आणि पुढच्या वर्षी निग्रो नॅशनल लीग पुन्हा उभी केली. गोऱ्यांच्या संघांत काळ्या खेळाडूला पाऊल टाकायची बंदी होती तेव्हा त्याचा पगार हा असा येत होता. शिकागोत जोन्स बंधूंनी ‘पॉलिसी’च्या कमाईतून १९३७मध्ये काळ्या वस्तीत स्वतःचं मोठं दुकान काढलं. तिथेही शेवट तसाच झाला. एडवर्ड जोन्सला १९४६मध्ये पळवून नेऊन खंडणी घेतली गेली. त्याच्यानंतर धंदा सांभाळणारा टेड रो गोऱ्या टोळीपुढे वाकला नाही आणि ऑगस्ट १९५२मध्ये मारला गेला.

शुल्ट्झ मेल्यावर हार्लेमचा धंदा त्याच्या मूळ मालकांकडे परत आला नाही. तो इटालियन टोळ्यांकडे गेला आणि बम्पी जॉन्सननं त्यांच्याशी जुळवून घेऊन वस्तीचा मध्यस्थ म्हणून स्वतःची जागा मिळवली. पुढे अमली पदार्थांच्या गुन्ह्यात त्यानं अल्काट्राझचा तुरुंग पाहिला. ७ जुलै १९६८ला हार्लेममधल्या वेल्स रेस्टॉरंटमध्ये हृदयविकारानं तो गेला. पडद्यानं मात्र त्याला कधी सोडलं नाही. ‘द कॉटन क्लब’मध्ये १९८४ साली फिशबर्ननंच त्याच्यावर बेतलेली भूमिका केली होती. ‘हूडलम’चा पटकथाकार ख्रिस ब्रँकाटो बावीस वर्षांनी पुन्हा बम्पीकडे वळला आणि ‘गॉडफादर ऑफ हार्लेम’ ही मालिका निघाली.

होल्स्टिनला १९३५मध्ये अटक झाली. १९४४मध्ये तो वारला तेव्हा त्याच्याजवळ जुन्या संपत्तीतलं फारसं काही उरलं नव्हतं. सेंट क्लेअरनं धंदा सोडून दिला. ब्लमस्टाइनवरच्या निदर्शनांचा पुढारी सुफी अब्दुल हमीद याच्याशी तिनं १९३६मध्ये लेखी कराराचं लग्न केलं आणि १९३८मध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्याबद्दल पुन्हा तुरुंगात गेली. त्यानंतर ती फारशी कुणाच्या नजरेला पडली नाही. १९६९मध्ये तिचं निधन झालं. न्यूयॉर्क राज्यानं १९६७मध्ये स्वतःची लॉटरी काढली आणि १९८०मध्ये रोजचा तीन आकड्यांचा खेळ सुरू केला. त्याचं नाव ‘नंबर्स’च ठेवलं. आकडा सरळ लागला तर राज्य एका डॉलरला पाचशे देतं, होल्स्टिनपेक्षा शंभर कमी.